भिवराबाईची दोरी आणि माझा तक्ता

माझ्या नातवाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मागे एकदा मला प्रमुख पाहुणा म्हणून नेलं होतं. खरा पाहुणा आयत्या वेळी आला नाही आणि मी घरात रिकामाच बसलेलो होतो, एवढीच माझी पात्रता. तशी तीस-बत्तीस वर्षं मी एका कचेरीच्या यंत्रविभागात, म्हणजे जुन्या संगणकांच्या खात्यात, काढली होती. आधी कार्डांना भोकं पाडायची, मग त्या भोकांकडून काम करून घ्यायचं, असा चरितार्थ. तिथे प्रश्नमंजूषा चालू होती. मास्तरांनी विचारलं, ‘‘जगातली पहिली ऑपरेटिंग सिस्टीम कोणी तयार केली?’’ एका पोरानं एका जगप्रसिद्ध श्रीमंत माणसाचं नाव ओरडून सांगितलं. मास्तर म्हणाले चूक, आणि हातातल्या चिठ्ठीवरून त्यांनी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचं नाव वाचलं. पाहुण्यानं गप्प बसायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी हात वर केला आणि म्हणालो, दोन्ही चूक.

मग मी सांगायला लागलो. यंत्र बनवणाऱ्यांनी नुसतं यंत्र दिलं होतं. एक काम संपून दुसरं लावेपर्यंत ते महागडं धूड रिकामं बसायचं, आणि माणसं फिती बदलत, कार्डं लावत धावत असायची. त्या धावपळीला वैतागलेल्या गिऱ्हाइकांनी, म्हणजे मोटारी आणि विमानं बनवणाऱ्या कारखान्यांतल्या लोकांनी, आपल्या सोयीसाठी ती पहिली व्यवस्था बसवली. पुढे घराघरांत जी पोचली, ती तर विकणाऱ्यानं मुळात लिहिलीच नव्हती. दुसऱ्याकडून घेतली आणि वर आपलं नाव टाकलं. यंत्राला हुकूम द्यायच्या भाषांचंही तेच. जिला सगळे पहिली म्हणतात तिच्या आधी निदान चारपाच जणांनी तो खटाटोप केलेला होता. एकाची भाषा तर कित्येक वर्षं कागदावरच पडून राहिली. पोरं जांभया देऊ लागली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं मात्र वही उघडून विचारलं, ‘‘सर, पण मग उत्तरात नाव काय लिहायचं?’’

मी खाली बसलो. पाणी प्यालो. त्या पोरीला काय ठाऊक, की हाच प्रश्न मला अठराव्या वर्षी एका ओव्हरसियरनं तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, विचारला होता, आणि मी तिच्यासारखा थांबलो नव्हतो. मी नाव लिहून मोकळा झालो होतो.

आमचं गाव आरमोरीच्या बाजारापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. धानोऱ्याकडच्या अंगाला गाव संपायचं आणि जंगल सुरू व्हायचं. मध्ये फक्त तलाव. तलावाच्या खाली धानाच्या बांधी, म्हणजे बांध घातलेली शेतं, बांधींच्या कडेला उंचवट्यावर आम्ही, आणि पाळीच्या अगदी पायथ्याशी मासे धरणाऱ्या ढिवरांची पंधरा-वीस घरं. आमचं घर मातीचं, शेणानं सारवलेलं. ओसरीत माणसाएवढी उंच बांबूची ढोली, तिच्यात वर्षाचं धान. माय पहाटे मुसळ हाती घ्यायची तेव्हा त्या ठोक्यांनी आमच्या पाठीखालची जमीन हलायची. जेवणात लाखोरीची डाळ आणि भात, भात आणि लाखोरीची डाळ. आणि ढिवरपुऱ्यातून वाटीभर झिंगे, म्हणजे तलावातली बारीक कोळंबी, आले की त्या दिवशी सण. माय ते वांग्यात टाकायची. तो वास दोन बांधी ओलांडून यायचा. त्या वासाचा या हकिगतीशी संबंध आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

घरातला दुसरा आवाज पाण्याचा. तलावाच्या पाळीत दगडी तुडूम होतं, म्हणजे पाणी खाली सोडायची जागा. उभ्या दगडात एकाखाली एक सात भोकं, प्रत्येकात लाकडी खुंटी. वरची खुंटी काढली की पाणी आतल्या आत कोसळून पाटात यायचं, आणि गुडगुड असा खोल आवाज व्हायचा. बाबा ओसरीत बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, ‘‘दोन खुंट्या काढल्या भिवराबाईनं. उद्या आपली पाळी येते.’’ ते कधी चुकले नाहीत. मी चांद्याच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालो होतो, दुसऱ्या खेपेला का होईना. त्यामुळे बाबांचं हे ज्ञान मला अडाणीपणाचं वाटायचं. पाण्याकडे न बघता पाण्याबद्दल बोलतात! मी पुस्तकाकडे न बघता इतिहासाचा पेपर लिहून नापास झालो होतो, हे त्या वेळी सोयीनं विसरलो होतो.

भिवराबाई म्हणजे गावची पाणकरीण. साठीची, काळी, काटक. जाळं विणणाऱ्या बायांची असतात तशी बोटं, वाकडी आणि चलाख. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक सखाराम तलावात जाळं टाकायचा. कोणत्या दिवशी कितवी खुंटी काढायची, पाणी आधी टोकाच्या बांधींना की जवळच्या, किती दिवस, मग बंद कधी, हे सगळं ती बघायची. आणि ते सगळं तिच्या कमरेला होतं. पळसाच्या मुळांच्या वाखाची एक लांब दोरी, तिच्यावर गाठी. जाळ्याला मारतात तशी गाठ म्हणजे एक खुंटी काढ. दुहेरी गाठ म्हणजे लाव. मध्येच एक फास असायचा. त्या फासापाशी आलं की मागं अमक्या गाठीपर्यंत जायचं आणि तिथून पुन्हा सगळं करायचं, खालच्या बांधीतल्या खुणेच्या दगडाला पाणी लागेपर्यंत. दगडाला पाणी लागलं की फास ओलांडून पुढे. मी पुढे आयुष्यभर कार्डांवर जे करत आलो ते हेच. पहिल्यांदा मला कचेरीत यंत्राला ‘अमुक होईपर्यंत फिरत राहा’ असं सांगायला शिकवलं, तेव्हा शिकवणारे साहेब म्हणाले, ही कल्पना जरा अवघड आहे, सावकाश घ्या. माझ्या अंगावर काटा आला तो अवघड म्हणून नव्हे.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारचा झाला. एक ओव्हरसियर साहेब जीपमधून आले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्यांना तलावाच्या वाटपाची लेखी पद्धत हवी होती. एक प्रत कचेरीत, एक पाळीवर पत्र्याच्या फळ्यावर. गावात अक्षर चांगलं कोणाचं? माझं. मी पुढे झालो, म्हणजे मला कोणी ढकलण्याच्या आधीच झालो. तीन दुपारी मी पाळीवरच्या चिंचेखाली वही घेऊन बसलो आणि भिवराबाई दोरी मांडीवर पसरून एकेक गाठ सांगत गेली.

‘‘लिही मुन्शी. पोळा झाला की वरून पयली खुंटी. तीन दिस टोकाले.’’

‘‘टोकाला का आधी? जवळच्यांची शेतं आधी भिजायला नकोत?’’

‘‘जवळच्याईले आधी देल्लं तं टोकाच्याचं पानी मधीच चोरून नेतेत. टोकाचा भिजला का जवळचे सारे मुकाट्यानं वाट पायतेत. काऊन का पाट त्याइच्याच घरापुढून जाते, त्याइचं पानी कुठी जात नाई.’’

तिच्या बोलण्यात ‘मुन्शी’ हा शब्द जरा जास्तच गोड असायचा. सखाराम जाळं वाळत घालताना हसायचा. मी लिहीत होतो. कलम एक, कलम दोन. तिच्या वाक्यांना सरकारी कपडे घालत होतो आणि मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, की या गुंत्याला मी शिस्त लावतोय. गुंता माझ्या डोक्यात होता, दोरी सरळ होती.

तिसऱ्या दुपारी ती दोरीच्या शेवटाकडे आली. तिथे एक गाठ होती, पण आवळलेली नव्हती. सैल, बोट जाईल अशी. ‘‘हे मोकळी गाठ,’’ ती म्हणाली. ‘‘इथी हात आवरायचा. काईच करायचं नाई. मूठभर लाह्या घ्यायच्या अन पाळीच्या पायथ्याले जायचं. थो झिरपा हाय ना, जिथून पानी पाझरते, तिथी लाह्या टाकायच्या अन...’’

मी लेखणी थांबवली. पाळीवरून गावच्या बाजूनं वारा येत होता आणि त्या वाऱ्यात वांगी आणि झिंगे होते.

‘‘भिवराबाई, पूजाअर्चेचं सरकारी कागदात चालत नाही.’’

‘‘पूजा नाई रे मुन्शी. आइक तं पुढचं...’’

‘‘तू कर ना पूजा. कोण नको म्हणतं?’’ मी वही मिटली. ‘‘काही करायचंच नाही, ते लिहायचं कशाला?’’

आणि मी जेवायला गेलो. माणसं चुका करतात त्या लोभापायी, बायकांपायी, देशापायी. मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक झिंग्यांच्या वासापायी केली. मायनं दोन वेळा वाढलं, मी तीन वेळा मागितलं, आणि जेवण झाल्यावर ओसरीत बसून तेवीस कलमांचा तक्ता सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. मोकळी गाठ त्यात नव्हती.

ओव्हरसियर साहेबांनी तक्ता वाचला आणि खूष झाले. ‘‘फार शिस्तीची पद्धत आहे हो. मूळ कोणी बसवली? वर नाव टाकू या.’’

मी विचार करायला एक श्वाससुद्धा घेतला नाही. पुस्तकात मी जेवढे तलाव वाचले होते ते राजांनी बांधलेले होते. जाळं विणणाऱ्या बाईच्या कमरेला एवढी अक्कल लटकलेली असेल हे माझ्या मॅट्रिक झालेल्या मेंदूत शिरूच शकत नव्हतं. तिच्याकडे ती कोणीतरी मोठ्या माणसानं ठेवायला दिली असणार. मी म्हणालो, ‘‘थोरल्या मालगुजारांनी.’’ शेजारी चिंचेखालच्या बाजेवर सध्याचे मालगुजार पान लावत होते. मालगुजारी गेली तरी पान राहिलं होतं. ते चमकून म्हणाले, ‘‘माह्या आज्यानं? त्याले तलावापाशी मोहाची पेताना साऱ्यानं पाह्यलं, दुसरं काई करताना तं कोनी पाह्यलं नाई बाप्पा. पन असंन. तू शिकेल हायस.’’

फळ्यावर वर थोरल्या मालगुजारांचं नाव लागलं, आणि खाली, ‘संकलक’ म्हणून, माझं. भिवराबाई फळ्यासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, ‘‘काय लिवलं रे वरतं?’’ मी सांगितलं. ती म्हणाली, ‘‘बरं,’’ आणि गेली.

तक्ता झाल्यावर पाणकरणीची गरज उरली नाही. साहेबांनी तुडुमाच्या तोंडावर लोखंडी जाळी बसवली, तिला कुलूप घातलं. कोणी पाळी सोडून खुंटी काढू नये म्हणून. चाबी आणि काम मला मिळालं. वर्षाच्या शेवटी गाव तिला जे धान मोजून द्यायचं ते बंद झालं, त्याबद्दल कोणी बोललं नाही. मी तर मुळीच नाही. मी चाबी कमरेला लावून हिंडायचो, आणि कोणी चोरेल या भीतीनं घरी आलो की ती ढोलीत, धानाच्या आत कोपरभर खोल पुरून ठेवायचो. माझ्या हुशारीचा आणखी एक नमुना.

पुढच्या वर्षी पोळ्यानंतर एकदा सलग चार दिवस पाऊस लागला. तलाव काठोकाठ भरला. तिसऱ्या दिवशी दुपारी भिवराबाई आमच्या ओसरीत आली, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलात.

‘‘मुन्शी, चाबी दे. झिरपा गढूळ येऊन राह्यला. साऱ्याच्या साऱ्या खुंट्या काढाव लागते.’’

‘‘सगळ्या? धान पोटरीत आहे, लोंब्या बाहेर यायच्या आहेत. पुढे पाणी लागेल तेव्हा कुठून आणायचं?’’

‘‘पुढचं पुढं पाहू. आधी पानी काढ.’’

मी तिला फळ्यापाशी घेऊन गेलो. पावसात, डोक्यावर पोतं घेऊन, मी तिला तो तक्ता वाचून दाखवला. कलम एकपासून. प्रत्येक कलमावर बोट ठेवून. सोळाव्या कलमात स्पष्ट होतं, की सततचा पाऊस असताना खुंट्या बंद ठेवून साठा करावा. ‘‘बघ,’’ मी म्हणालो, ‘‘गढूळ पाण्याचं यात कुठंच काही नाही.’’

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पावसाचं पाणी तिच्या भुवयांवरून गळत होतं. ‘‘माहीच दोरी मले वाचून दाखवून राह्यला का रे?’’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘‘अन थे मोकळी गाठ? थे कुठी गेली?’’

‘‘ती पूजा होती ना?’’

‘‘लाह्या पांढऱ्या असतेत,’’ ती म्हणाली, एखाद्या लहान पोराला सांगावं तसं. ‘‘पांढऱ्याखाली पानी आलं का रंग कळते. नितळ असलं तं पाळ पानी गाळून राह्यली. गढूळ असलं तं पाळ आपलीच माती खाऊन राह्यली. समजलं का?’’

समजलं होतं. इथे मला स्वतःला पाठीशी घालता येत नाही. मला त्या क्षणी समजलं होतं. पण समजलं असं म्हणायचं, तर तक्ता चुकला असं म्हणावं लागत होतं, आणि तक्त्याच्या खाली माझं नाव होतं. मी म्हणालो, ‘‘साहेबांना विचारल्याशिवाय मला उघडता येत नाही. उद्या आरमोरीला निरोप धाडतो.’’

रात्री बाबा ओसरीत बसून कान देत होते. म्हणाले, ‘‘आज तुडूम काई बोलत नाई.’’ मी म्हणालो, बंद आहे. ते म्हणाले, ‘‘बंद असल्यावरबी थोडं गुनगुनते. आज पानी दुसरीकडूनच चाललं असं वाटते.’’ मी पांघरूण ओढून घेतलं.

सकाळी ओरडा ऐकू आला. ढिवरपुऱ्यातली माणसं धानाच्या पेंढ्या आणि चिखल घेऊन पायथ्याकडे धावत होती. झिरपा आता मनगटाएवढ्या धारेनं, चहासारखा येत होता. बाबा अंगणातून ओरडले, ‘‘दाम्या, चाबी दे ना बे! काय पाहून राह्यला?’’ मी ढोलीकडे धावलो. हात खुपसला. धान. आणखी खोल. धान. आदल्या दिवशी मायनं कांडायला वरचं धान काढलं होतं आणि ढोलीतलं सगळं खाली सरकलं होतं. मी खांद्यापर्यंत आत गेलो, तोंडात भुसा, डोळ्यांत भुसा, आणि बोटांना नुसते दाणे लागत होते. माय रडत रडत सुपानं धान बाहेर टाकत होती. शेवटी मी ढोलीच आडवी केली. उरलेलं सगळं धान ओसरीभर पसरलं आणि त्यात ती चाबी चमकली.

मी चिंचेपर्यंत पोचलो असेन. तिथून मला पायथ्याशी सखाराम दिसला, छातीएवढ्या चिखलात, भोकात पेंढी दाबून पाठीनं रेटून धरलेली. बाकीचे त्याला बाहेर ये म्हणत होते. तो हसून काहीतरी म्हणाला. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि ज्यांनी ऐकलं त्यांना मी कधी विचारलं नाही. मग पाळ फुटली. फुटली म्हणजे धडाका झाला नाही. ती खाली बसली, दमलेलं माणूस बसतं तशी, आणि तिच्या जागी पाणी उभं राहिलं.

सखाराम दोन दिवसांनी सापडला, खालच्या नाल्यातल्या बांबूच्या बेटात. ढिवरपुऱ्यातली सात घरं गेली. बांधींवर हातभर रेती बसली. गावात पाण्याचा आवाज बंद झाला, आणि त्या शांततेत बाबांना झोप येईना. कित्येक वर्षं ते रात्री उठून ओसरीत बसायचे.

चौकशीला मोठे साहेब आले. फळा शाबूत होता. तो उंचावर होता ना. साहेबांनी तो वाचला आणि विचारलं, ‘‘ही पद्धत थोरल्या मालगुजारांची?’’

मालगुजारांचं पान तोंडातच राहिलं. ‘‘नाई साहेब! माह्या आज्याचं नाव कायले घालता याच्यात? हे तं ढिवराची दोरी होय. साऱ्या गावाले मालूम हाय. विचारा या पोट्ट्याले.’’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ओव्हरसियर साहेबही बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. त्यांचीही नोकरी होती. मी म्हणालो, ‘‘हो साहेब. पद्धत भिवराबाईची आहे. मी नुसती उतरवून घेतली.’’

खरं होतं. त्या तलावाबद्दल मी पहिल्यांदाच खरं बोललो होतो, आणि तेही पळून जाण्यासाठी. अहवालात लिहिलं गेलं, की अशिक्षित पाणकरणीच्या सदोष पद्धतीमुळे पाळ फुटली. पद्धत चांगली होती तोवर ती मालगुजारांची होती. माणूस मेला तेव्हा ती भिवराबाईची झाली. आणि त्या अहवालाची स्वच्छ प्रत कोणी काढली? गावात अक्षर चांगलं कोणाचं होतं? घरी येऊन मी बाबांना म्हणालो, निदान खरं तरी सांगितलं. बाबा म्हणाले, ‘‘खरं तं खरंच हाय. पन कवा सांगतलं थे पाय.’’ त्यानंतर ते माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी भिवराबाईकडे गेलो. गावाबाहेरच्या टेकाडावर चार बांबू रोवून, त्यावर पळसाची पानं टाकून ती राहत होती. मी काय बोलणार हे वाटेत तीनदा पाठ केलं होतं. ती दोरी मांडीवर घेऊन बसली होती. मी आलो म्हणून तिनं मान वर केली नाही.

माझं पाठ केलेलं सगळं गेलं. तोंडातून आलं ते भलतंच. ‘‘भिवराबाई, ही दोरी खरं कोणी बनवली?’’

‘‘कोनी एकानं नाई,’’ ती म्हणाली. तिनं दोरी जरा वर धरली. ‘‘हे टोकाले आधी पानी द्याची गाठ माह्या आजसासूची. पान्यापायी भावाभावात कुऱ्हाडी चालल्या, तवा मारली. हा फास कोनाचा थे सासूलेबी मालूम नव्हतं. अन हे मोकळी...’’ तिनं त्या सैल गाठीत बोट घातलं. ‘‘हे सासूची. पयले एकदा पाळ गेलती, तवा माहा सासरा गेला. सासूनं गाठ मारली पन आवळली नाई. म्हने, आवळली तं घाईचा मानूस पुढं जाईन. सैल असली का बोट अडकते. थांबते.’’

मी माझी बोटं बघत बसलो.

‘‘पन मी थे सांगतलं तुले,’’ ती म्हणाली. ‘‘सांगतलं का नाई?’’

‘‘सांगितलं.’’

‘‘हां.’’

तिनं वाखाचे नवे धागे घेतले, दोरीच्या टोकाला वळून जोडले आणि गाठ मारायला लागली. ही जाळ्यातली नव्हती, तिच्या जुन्या गाठींपैकीही नव्हती. मी विचारलं ही कसली. म्हणाली, ‘‘कुलपाची. तुडुमाले कुलूप लावायचं नाई.’’

‘‘बाई, तलावच राहिला नाही. आता दोरी कायले?’’ माझ्या तोंडात तिची बोली कधी आली ते मला कळलं नाही.

‘‘बांधतेत ना पुन्हा. लोकाइले धान लागते.’’

मी खिशातून वही काढली. सवय. निदान आता तरी सगळं नीट उतरवून घ्यावं, आणि वर तिचं, तिच्या सासूचं, सखारामचं नाव घालावं, असं काहीतरी डोक्यात होतं. एका नावानं केलेलं पाप तीन नावांनी फेडायचा माझा हिशेब. ‘‘या गाठीचं नाव काय लिहू?’’ मी विचारलं.

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

‘‘नाव राहू दे. काय करायचं थे लिही,’’ ती म्हणाली. ‘‘अन आधी वही ठेव खाली. एकटीच्यानं आवळत नाई हे. सखाराम धरत जाये.’’

तिनं दोरीचं दुसरं टोक माझ्याकडे टाकलं.

‘‘धर.’’

मी धरलं. तिनं पाय रोवले आणि ओढली.